लठ्ठोबाच्या हवेतलं पाणी

३ जानेवारी

ठिपक्या,

सोबत एक गठ्ठा पाठवते आहे. पानं एकशे बारा. आधी घाबरून घे, मग वाच.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, की ताई, तू दिवसभर नक्की करतेस काय. तर ऐक. फार दूर एक तारा आहे आणि त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो. आपल्या गुरूपेक्षा मोठा, आणि ताऱ्याला इतका चिकटलेला की त्याचं वर्ष साडेतीन दिवसांत संपतं. एवढं अवाढव्य धूड एवढ्या उकाड्यात जन्माला आलं कसं, हा माझा प्रश्न. तिथेच घडलं, की लांब थंडीत घडलं आणि मग सरकत सरकत आत आलं?

जन्मताना त्याला कोणी पाहिलेलं नाही, पण त्याची हवा साक्ष देते. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड त्या हवेतून गाळून आपल्यापर्यंत येतो. हवेतला प्रत्येक वायू त्यातला आपापला रंग खातो. कोणता रंग किती खाल्ला गेला ते मोजलं की हवेत काय काय आहे ते कळतं. पाण्याची वाफ भरपूर निघाली तर समजायचं, स्वारीने लहानपणी बर्फ खाल्लेला आहे. बर्फ फक्त लांब, थंडीत मिळतो. म्हणजे स्वारी लांबून आलेली. आई धुतलेल्या पातेल्याचा वास घेऊन सांगायची ना, काल यात काय उकळलं होतं, तसंच.

चौसष्ट रात्रींची मोजमापं आहेत. रात्रपाळीचा माणूस ती नोंदवहीत हाताने लिहितो, मग इथे कोणीतरी तक्त्यात टाइप करतं. डावीकडे वहीची छायाप्रत आहे, उजवीकडे तक्ता. आकडा आकड्याशी जुळतो का एवढंच बघायचं. दोन पदवीधर पोरांना दिलं होतं. पदवीने नजर येत नाही हे मला त्यांनी शिकवलं. गठ्ठा संपला की छापखान्यात करतोस तशी खाली सही कर.

आणि मुख्य गोष्ट. वेधशाळेत नोंदी तपासनिसाची जागा निघणार आहे. अट अशी की पदवी हवी, नाहीतर छापून आलेल्या संशोधनात नाव हवं. पदवीचं आता काही होणं नाही. नावाचं मी बघते.

तुझी,
ताई


१४ जानेवारी

ताई,

गठ्ठा पोचला. पानं एकशे बारा नाहीत, एकशे अकरा आहेत. सत्तेचाळीसनंतर एकदम एकोणपन्नास येतं. मी दोनदा मोजली, मग आईला मोजायला लावली. ती म्हणाली, "एका पानाने काही आभाळ कोसळत नाही." तरी अठ्ठेचाळिसावं पान पाठव.

सकाळी सहा ते आठ खिडकीपाशी बसतो, मग छापखान्यात प्रुफं वाचायला जातो. आई वहीतला आकडा मोठ्याने वाचते, मी तक्त्यावर बाबांची पितळी पट्टी सरकवत जातो. पण सुरुवातीपासून नाही, शेवटच्या ओळीपासून वर. बाबांनी सव्वीस वर्षं छपाईचे खिळे जुळवले आणि मला एवढं एकच शिकवलं, की अर्थाच्या नादी लागलास की चूक निसटते. डोळा जे असायला हवं ते बघतो, जे आहे ते बघत नाही.

आई आकडे इतक्या जोरात वाचते, की शेजारच्या काकू विचारायला आल्या, लॉटरी लागली का म्हणून. आईने सांगितलं, "आमच्या मोठीचा ग्रह आहे. फार लठ्ठ आहे." तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव लठ्ठोबा. तुझं बर्फाचं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. कुठनं आलं ते अंगाला लागून राहतंच, माणसाच्यासुद्धा."

पहिल्या गठ्ठ्यात नऊ चुका निघाल्या. यादी सोबत आहे. यादीच्या खाली नेहमीसारखं लिहिलं आहे: वाचले. हरकत नाही. ही सही मी दर वेळी यादी पुन्हा एकदा बघूनच करतो. आमच्यात वाचणाऱ्याची सही झाली की पुढची चूक त्याची. म्हणजे प्रत मुळाशी जुळते एवढ्यापुरतीच. मूळच चुकलं आहे असं वाटलं तरी वाचणाऱ्याने त्याला हात लावायचा नसतो. ती शंका वेगळ्या कागदावर लिहून लेखकाला कळवायची असते. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

नावाचं खरंच होईल ना? मी नववी नापास नाही, नववी सोडलेला आहे. पण अर्जावर दोघांना एकच रकाना असतो.

पाकिटावरचं तिकीट नीट चिकटलं होतं का, तेही कळव.

ठिपक्या


२७ जानेवारी

ठिपकेश्वर,

तिकीट चिकटलं होतं. इतकं, की पाकीट फाडावं लागलं. अठ्ठेचाळिसावं पान माझ्याच टेबलावर कपाखाली सापडलं. त्यावरचा गोल डाग ग्रह नाही, चहा आहे.

तुझ्या नऊ चुकांची यादी प्रमुखांना दाखवली. त्यांनी विचारलं, हा कोण? मी सांगितलं, आमच्या ओळखीचे एक तपासनीस आहेत. भाऊ म्हटलं असतं तर वशिला वाटला असता. समजून घे.

दमटपणाचा रकाना कशासाठी, असं तू मागे वेगळ्या चिठ्ठीत विचारलं होतंस. आपल्या डोक्यावरच्या हवेतही वाफ असते आणि तीसुद्धा तेच रंग खाते. म्हणून त्या रात्री डोंगरावर किती दमट होतं ते मीटरवर बघतात आणि आपला वाटा वजा करतात. उरेल ते लठ्ठोबाचं. नाव छान आहे. इथे कोणाला सांगणार नाही.

उरलेले चार गठ्ठे पाठवते आहे. मार्चच्या मध्यावर लेख पाठवायचा आहे. सात वर्षं एका लेखाची वाट बघते आहे मी. माझ्यानंतर आलेली माणसं खुर्च्या पटकावून बसली.

ताई


९ मार्च

ताई,

पाचही गठ्ठे संपले. एकूण एकतीस चुका. सगळ्यांवर सही केली आहे, कारण दुरुस्त्यांनंतर प्रत मुळाशी जुळते.

पण मुळाबद्दल एक शंका आहे. पद्धतीप्रमाणे ती सहीपाशी न लिहिता इथे लिहितो.

दमटपणाचा रकाना बघ. रात्र तेवीसपासून रात्र एकेचाळीसपर्यंत, एकोणीस रात्री, आकडा २८.४. दशांशासकट तोच. मला लागून दिसला नाही, कारण मी खालून वर जातो आणि दोन रात्रींच्या मध्ये दोन-तीन पानं असतात. आई वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "अरे, आज पुन्हा तेच. या डोंगरावर हवा बदलत नाही का?" मग मी सगळी पानं जमिनीवर मांडली. छापखान्यात एकच ओळ दोनदा बसली तर आम्ही तिला दुबार ओळ म्हणतो. ही एकोणीस वेळा बसली आहे, आणि टाइप करणाऱ्याकडून नाही. वहीतच तशी आहे.

त्याच रात्रींचे शेरे वाच. रात्र सव्वीस: "धुकं, घुमट तासभर बंद." रात्र तीस: "आरसा पुसला." रात्र छत्तीस: "आकाश स्वच्छ, हवा कोरडी." धुक्यात आणि कोरड्या हवेत मीटर एकच आकडा कसा दाखवेल? मला वाटतं तो अडकला होता.

नंतर मी करू नये ते केलं. अर्थाच्या नादी लागलो. तक्त्यातल्या, वजाबाकीनंतर उरलेल्या पाण्याच्या रकान्याला पट्टी लावून बघितलं. या एकोणीस रात्रींत पाणी भरपूर आहे, धुक्याच्या रात्री तर सर्वांत जास्त. उरलेल्या पंचेचाळीस रात्रींत जवळजवळ काही नाही. मीटर कमी आकड्यावर अडकला असेल तर आपल्या हवेचं पाणी पुरतं वजा झालेलं नाही. म्हणजे लठ्ठोबाच्या नावावर मांडलेलं पाणी तुमच्या डोंगरावरचं धुकं तर नाही ना?

मी चुकत असेन. चुकत असलो तर बरंच. हे खरं निघालं तर तुझा लेख अडेल, आणि लेख अडला तर माझं नावही अडेल, हे मला कळतं. म्हणून हे पत्र लिहायचं दोन दिवस टाळलं होतं.

पत्राची कार्बन प्रत ठेवली आहे. तुझ्यावर अविश्वास नाही. बाबांची सवय.

ठिपक्या


२ एप्रिल

ठिपक्या,

तुझी शंका पोचली तेव्हा लेख जायला चार दिवस होते. प्रमुखांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, हिवाळ्यात डोंगरावरची हवा कधी कधी फार स्थिर असते. त्यांनी या कामात तीस वर्षं घालवली आहेत. त्यांना स्थिर वाटते तर ती स्थिर आहे.

एक सांगू? रागावू नकोस. तुला प्रत तपासायला दिली होती, आकाश नाही. तू सही केलीस, ती बरोबर केलीस. आता स्वस्थ बस.

लेख गेला आहे.

ताई


२० एप्रिल

ताई,

स्वस्थ बसायचा प्रयत्न केला. एकच विचारतो. मीटर दुरुस्तीला कधी गेला याची वेधशाळेत वही असेल. रात्र एकेचाळीस आणि बेचाळीस यांच्यामध्ये तीन आठवड्यांचा खंड आहे आणि बेचाळिसाव्या रात्रीपासून आकडा रोज बदलतो. त्या खंडात मीटर बदलला का, एवढं बघ. पाच मिनिटांचं काम आहे. लेख अजून छापून झालेला नसेल. आमच्याकडे तर शाई लागेपर्यंत ओळ काढता येते.

उत्तराची वाट बघतो.

ठिपक्या


११ ऑगस्ट

ठिपक्या,

मध्ये पत्र नाही याचा राग असेल. कामात होते.

लेख छापून आला! वर्तमानपत्रातही आलं, माझ्या फोटोसकट. मथळा: "थंडीतून आलेला राक्षस". कात्रण आईसाठी, लेखाची प्रत तुझ्यासाठी. प्रमुखांनी सगळ्यांसमोर हात मिळवला. कायमची नेमणूक झाली आहे. खोली मिळाली आहे, खिडकीची.

तुझी ती जागाही निघाली. लगेच अर्ज कर. लेखाच्या शेवटी बघ, तुझा उल्लेख आहे.

मीटरचं आता उकरून काढू नकोस.

ताई


२ सप्टेंबर

ताई,

अभिनंदन. आईने कात्रण काचेखाली लावलं आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या पेल्याआधी ते दाखवते.

लेख मी शेवटून वाचला. शेवटची ओळ अशी आहे: "नोंदींच्या पडताळणीत साहाय्य केल्याबद्दल लेखिका एका परिचिताची आभारी आहे."

अर्जाला लेख जोडून वेधशाळेच्या शहरातल्या कार्यालयात स्वतः घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने ओळ वाचली आणि विचारलं, "परिचित म्हणजे तुम्हीच, हे कशावरून? मीही कोणाचातरी परिचित आहे."

मी म्हणालो, "त्या माझ्या बहीण आहेत."

तो म्हणाला, "मग तर मुळीच नको." आणि अर्ज परत सरकवला. वाईट माणूस नव्हता. जाताना म्हणाला, "नाव घालायला बाईंना काय झालं होतं? तीन शब्दांची तर गोष्ट."

बाकीची बावीस पानंही वाचली. पाणी हा शब्द एकशे चौदा वेळा आहे. धुकं एकदाही नाही. एकतिसापैकी एकही चूक राहिलेली नाही. छपाई चांगली आहे.

ठिपक्या


४ डिसेंबर

ठिपक्या,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

दुसऱ्या एका गटाने अंतराळातल्या दुर्बिणीतून त्याच ग्रहाकडे बघितलं. त्या दुर्बिणीच्या वाटेत आपली हवा नसते. त्यांना पाणी नावालासुद्धा सापडलं नाही. आता इथे समिती बसली आहे. मीटर अडकला होता हे सगळ्यांना एका दुपारी कळलं. वही होती. तू म्हणालास तिथेच, त्याच तारखांना.

तुला समितीचं पत्र येईल. तू इतकंच लिही: आकडे मी तपासले, मला त्यात काही खटकलं नाही. सही तुझीच आहे, त्यामुळे खोटंही ठरणार नाही. मग ती तपासणीतली चूक ठरते. ती माझ्यावर आली तर फसवणूक ठरते. खोली, नेमणूक, सगळं जाईल. तुझं त्यात काय जाणार आहे? पदवी काढून घेणार आहेत का?

मला ठाऊक आहे तू मनात काय म्हणतो आहेस. बाबा गेले तेव्हा तू शाळा सोडलीस आणि मी शिकले. मी सतरा वर्षांची होते रे. मी काय करायला हवं होतं, मीही सोडायची? कोणी मला विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. पण आजवर घरी आले की तुझं ते गप्प बसून ताट माझ्याकडे सरकवणं मला दिसतं. एकदा ओरडला असतास तर बरं झालं असतं.

एवढं कर. पुन्हा काही मागणार नाही.

ताई


१५ डिसेंबर

ताई,

समितीचं पत्र तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधीच आलं होतं. चुकांच्या यादीवर सहीखाली मी छापखान्याचा पत्ता दिला होता, त्यामुळे ते मालकांनी उघडलं. त्यात तुझं निवेदन जोडलेलं आहे, तारीख २१ नोव्हेंबर. "पडताळणीची संपूर्ण जबाबदारी पुढील व्यक्तीवर होती. तिचे औपचारिक शिक्षण नववीपर्यंतच झाले असल्याचे मला नंतर समजले." त्याखाली माझं नाव. पूर्ण, बाबांच्या नावासकट. तीन शब्द.

म्हणजे मला विचारण्याआधी तू ते लिहून दिलं होतंस.

मालक म्हणाले, "लोकांचे आकडे सोडतोस, माझ्या ओळी कशा पकडशील?" मला वाचनाच्या टेबलावरून उठवून बांधणीत बसवलं आहे. बाबांची पट्टी तिथे लागत नाही. घरी आणली.

आईला मी सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, पण माझ्या हाताला सरस लागलेला बघून तिनेच विचारलं. ती उठून कात्रणापाशी गेली. मग म्हणाली, "तुझं काय जातं रे? तुला कोण ओळखतं? तिचं नाव आहे. घरचं धुणं चव्हाट्यावर कशाला?" मी म्हणालो, "आई, तो आकडा पहिल्यांदा तू पकडलास." ती म्हणाली, "मी कुठे सही केली होती!" आणि आत निघून गेली.

दोन रात्री मी तू सांगितलेलं वाक्य लिहून बघितलं. "मला काही खटकलं नाही." अक्षर चांगलं आलं. पण मला खटकलं होतं, ताई. माझ्याजवळ तेवढं एकच आहे, मला खटकतं. तेही नाही म्हणून सांगितलं, तर मग मी बांधणीतच बरा.

समितीला लिहिलेलं उत्तर खाली उतरवतो.

"समितीस,
माझी बहीण आपल्या वेधशाळेत संशोधक आहे. तिच्या सांगण्यावरून मी नोंदींचे पाच गठ्ठे तपासले. प्रत मुळाशी जुळत होती, म्हणून सही केली. रात्र तेवीस ते एकेचाळीस यांच्या दमटपणाच्या आकड्याबद्दलची शंका मी ९ मार्चच्या पत्राने तिला कळवली. त्या पत्राची कार्बन प्रत व तिचे २ एप्रिलचे उत्तर सोबत जोडले आहे."

छापण्याआधी शेवटचं प्रूफ लेखकाला दाखवायची आमच्यात पद्धत आहे. म्हणून हे तुला आधी पाठवतो. काही दुरुस्ती असेल तर आठ दिवसांत कळव. कळवलं नाहीस तर आहे तसं जाईल.

ठिपक्या


२१ डिसेंबर

वाचलं. तारखा आणि आकडे बरोबर आहेत.

एकच दुरुस्ती. "माझी बहीण आपल्या वेधशाळेत संशोधक आहे" हे वाक्य काढ. त्याला पुराव्यात काही स्थान नाही. "आपल्या वेधशाळेतील एका संशोधकांच्या सांगण्यावरून" असं सुरू कर.

बाकी तसंच राहू दे.


२८ डिसेंबर

दुरुस्ती पोचली. एक नाही, तीन कराव्या लागल्या. पहिलं वाक्य काढल्यावर पुढे "तिला" आणि "तिचे" राहत होतं. तिथे "त्यांना" आणि "त्यांचे" केलं. आता पूर्ण पत्रात कुठेही नातं दिसत नाही. खालून वर दोनदा वाचून खात्री केली.

पत्र आज सकाळी रजिस्टर्ड टपालाने गेलं. पावती जपून ठेवली आहे.

आईने विचारलं, मोठीने काय लिहिलं. मी सांगितलं, प्रूफ तपासून पाठवलं. "चूक निघाली का?" म्हणाली. मी म्हणालो, "एक निघाली." तिने कात्रणावरची काच पदराने पुसली.

अंतिम प्रत सोबत आहे. नेहमीसारखं खाली लिहिलं आहे.

वाचले. हरकत नाही.

एक परिचित